आत्याचे चार रविवार

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. दाराच्या कडीला रबरबँड अडकवत जावेत तसे ते साठतात, आणि एक दिवस कडीच लागत नाही. आमच्या घरचे हे किस्से चार रविवारांत साठले. रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर असलेले माझे बाबा प्रत्येक नव्या गोष्टीकडे नट ढिला असल्यासारखे बघायचे. "राज्य बदललं, गाडीची नंबरप्लेट बदलली. आता घरातला देव बदलू नये म्हणजे झालं," असं ते म्हणायचे.

संशय होता तो आत्याचा.

*

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. गुढियारीतल्या आमच्या क्वार्टरमध्येच राहते आणि ब्लाउज शिवते. मार्था दीदी नावाच्या एक नर्सबाई तिच्याकडे कापड टाकायच्या आणि दर वेळी शनिवारपर्यंत द्या म्हणायच्या.

"संडे को ऐसा क्या होता है?" आत्याने एकदा विचारलं.

"प्रार्थना होती है। सब बात करते हैं।"

"किससे?"

"प्रभु से।"

"अपने मन से? बिना पोथी के?"

"हाँ।"

आत्याच्या हातातली टेप हातातच राहिली. "और वो जवाब देते हैं?"

मार्था दीदींनी कापडाची घडी तिच्यापुढे सरकवली. "आप आकर देखिए।"

आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "हे असंच सुरू होते."

*

जेवताना भांडण झालं.

"चाळीस वर्षं पूजा करून राहिली मी," आत्या म्हणाली. "मीच बोलते, तेही संस्कृतात. मले त्यातलं अर्धं समजत नाही. ते लोक कसे बोलतात ते पाहू दे एकदा."

"जायचं तिकीट फुकट असते ताई. परतीचं कोण काढते?"

शेवटी तह झाला. आत्याने चार रविवार जायचं, मी सोबत जायचं आणि घरी येऊन रिपोर्ट द्यायचा. पुढे जायचं की नाही ते चौथ्या रविवारी बाबा ठरवणार.

"ठीक आहे," आत्या म्हणाली. "पण ठरवशील तर पाहून ठरव."

"पोट्टीले काहून पाठवता?" आईने विचारलं.

"ते बोलत नाही. तिच्यासमोर लोक सगळं बोलून टाकतात."

हे खरं आहे. हे किस्सेसुद्धा मला त्यामुळेच मिळाले.

*

प्रार्थनाघर भनपुरीत होतं, ट्रकच्या गॅरेजमागे. पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी घडीच्या खुर्च्या. दारात तिथली देखरेख करणारे मसीह अंकल उभे होते. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की बाबा मला एकदम सौम्य वाटले.

"किसने भेजा है आपको?"

आत्या खोटं बोलत नाही. "भाई ने. ये लड़की रिपोर्ट ले जाएगी."

अंकलनी आम्हाला शेवटच्या ओळीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. नजर ठेवायला आम्ही गेलो होतो, ठेवली त्यांनी. थोड्या वेळाने माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "दिखाओ।"

मी दाखवली. त्यात एकच ओळ होती: पंखे चार, एक बंद.

अंकलनी ती दोनदा वाचली आणि वही परत दिली. "वो वाला बनवाना है," ते जरा ओशाळून म्हणाले.

*

घरी उलटतपासणी झाली.

"काय दिलं तिथं?"

"पाणी."

"कशातलं?"

"मटक्यातलं."

"तू पेली?"

"हव."

बाबा संध्याकाळपर्यंत माझ्याकडे अधूनमधून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ढोमणे काकू आल्या. तुळशीला पाणी घातलेलं आहे का ते त्यांनी आधी पाहून घेतलं. आत्याने त्यांना पाणी दिलं. काकूंनी ग्लासात वाकून पाहिलं, तळापर्यंत. मग म्हणाल्या, "राहू द्या, मी घरून पिऊन आली."

*

दुसऱ्या रविवारी पास्टर भाकरीचे तुकडे वाटत आले. आत्याने उजव्या हाताखाली डावा धरून ओंजळ पुढे केली, प्रसादाला करतो तशी. पास्टर पुढे निघून गेले.

"बपतिस्मा वालों के लिए है," अंकल कुजबुजले.

आत्याचा हात थोडा वेळ तसाच होता. परतताना टेम्पोत ती एवढंच बोलली, "देवाच्या दारात कोणाचा हात रिकामा ठेवते का कोणी?"

तिसऱ्या रविवारी ती पितळी डबाभर शिरा करून घेऊन गेली, आणि प्रार्थना संपल्यावर दारात उभी राहून वाटायला लागली. कुणीच हात पुढे करेना. अंकलनी डब्यात पाहिलं. ढोमणे काकूंनी ग्लासात पाहिलं होतं अगदी तसंच.

"किसी मूर्ति के सामने रखा था?"

"गैस के सामने," आत्या म्हणाली.

मार्था दीदींनी पहिला घास घेतला. अंकलनी शेवटचा घेतला, आणि तोही डबा पुसून.

*

त्या दिवशी टेम्पोत मी हळूच विचारलं, "आत्या, देव बोलला का?"

"मीच कुठं बोलली अजून?"

तिथे एकेक जण उठून आपल्या शब्दांत प्रार्थना करायचा. तीन रविवार आत्याची पाळी आली आणि तीनही वेळा ती मान हलवून खाली बसली.

"स्तोत्र म्हणा म्हटलं असतं तर धडाधडा म्हटलं असतं," ती म्हणाली. "स्वतःचं एक वाक्य निघत नाही पोरी. पुढच्या रविवारी तुझे बाबा बंद करतील, अन् माहं वाक्य पोटातच राहील."

मला ते समजलं. वर्गात बाई उभं करतात तेव्हा माझंही तेच होतं.

*

चौथ्या रविवारी खिडकीबाहेर मला हेल्मेट दिसलं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तेव्हा हेल्मेट घालणारे एकटे बाबाच. ट्रकवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या रिपोर्टवरही नव्हता म्हणायचा. मी कुणाला सांगितलं नाही.

अंकल अर्थातच आमच्याकडेच बघत होते.

आत्याची पाळी आली. ती उठली आणि गप्प उभी राहिली. एवढा वेळ की पुढच्या ओळीतल्या बाया वळून बघायला लागल्या. पास्टर पुढच्या माणसाकडे वळणार, तेवढ्यात ती बोलली. मराठीत.

"देवा, माहा भाऊ बाहेर खिडकीपाशी उभा आहे. अर्धा तास झाला. त्याचे गुडघे दुखतात. त्याले बसाले एक खुर्ची दे. बाकीचं मंग सांगते."

आणि खाली बसली.

मसीह अंकलना खिडकी आणि खुर्ची एवढं कळलं असावं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग उठले, स्वतःची खुर्ची घडी करून काखेत मारली आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने खिडकीतलं हेल्मेट हळूहळू खाली गेलं आणि दिसेनासं झालं.

घरी आई दारातच उभी होती. "मग? काय ठरवलं?"

बाबांनी हात धुतले, पाय धुतले, टॉवेल जागेवर टाकला.

"त्या खुर्चीचा मागचा पाय हलते," ते म्हणाले. "येत्या रविवारी पाना घेऊन जा लागन."