गोष्टीतले साहेब

"सर, चित्रात काय दिसतच न्हाई," रूपाली म्हणाली.

तेच तर अपेक्षित असतं. लष्करात अधिकारी व्हायचं तर निवड मंडळासमोर पाच दिवस परीक्षा होते. त्यात पडद्यावर एकेक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात. चित्रात काय आहे याला फारसं महत्त्व नाही. तुम्हाला काय दिसतं, यावरून तुमचं मन वाचतात.

मी लष्कराच्या शिक्षण विभागातून सुभेदार म्हणून रिटायर झालो. माधवनगरला एका बंद गिरणीच्या शेडमध्ये क्लास चालवतो. दुपारी खिडक्या लावल्या की प्रोजेक्टरच्या उजेडात अजूनही कापसाचे तंतू तरंगतात आणि भिंतीवरचं चित्र कोयनेच्या घाटातल्या धुक्यासारखं दिसतं. अशा वेळी माझंच मन भरकटतं. शिकवायचं सोडून मी बघत बसतो.

रूपाली आटपाडीची. वडील निवृत्त हवालदार, आजोबाही फौजीच. मंडळानं तिला एकदा परत पाठवलं होतं आणि वयाच्या अटीमुळे हा अर्ज शेवटचा. इंग्रजी बरं, धावण्यात पोरांना मागे टाकणारी. मग नापास का झाली, हे मला कळेना.

त्या दुपारी मी तिच्या अकरा गोष्टी सलग वाचल्या. पूर आलाय, साहेब येतात, हुकूम देतात, मग गोष्टीतली मुलगी जिवावर उदार होऊन माणसं वाचवते. आग लागलीय, साहेब येतात. एका चित्रात फक्त एक म्हातारी आणि शेळी होती, तर तिथंही साहेब जीपमधून उतरले.

"हे साहेब दर वेळी कुठनं येतात गं?"

"आमच्या घरात समदं साहेबच ठरवत्यात, सर. बाबांची रजा, बदली. मी जन्मले तवा बी बाबा कवा येणार, ते साहेबांनीच ठरवलं."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी तिच्या गोष्टींत साहेबांवर बंदी घातली. पुढचे पंधरा दिवस तिची माणसं पुराच्या काठावर नुसती उभी राहायची. गोष्टी अर्ध्यावरच थांबायच्या. ती रडकुंडीला आली, मीही एक-दोनदा तिच्यावर डाफरलो.

शेवटची, बारावी स्लाइड कोरी असते. त्यावर आपल्या मनातली गोष्ट लिहायची. एके दिवशी तिनं पेन खाली ठेवलं आणि पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली. चार मिनिटं उलटून गेली, तरी मी तिला हटकलं नाही.

"माळावर लय माणसं उभी हाईत," ती हळूच म्हणाली. "समदी माझ्याकडं बघत्यात."

"मग तू काय सांगतेस?"

"आधी म्हाताऱ्यांना सावलीत बसवा, म्हनते."

परीक्षेच्या हिशेबानं गोष्ट साधीच. पण या वेळी हुकूम तिचा होता.

रूपाली निवडली गेली. बापलेक पेढे घेऊन आले, मी दोन खाल्ले आणि दिवसभर खुशीत होतो. त्याच आठवड्यात सहज म्हणून नापास झालेल्या जुन्या पोरांच्या वह्या कपाटातून काढल्या. निम्म्याअधिक गोष्टींत साहेब वेळेवर हजर होते. समासात लाल शाईनं माझा शेरा होता, 'शिस्त उत्तम'.

शिकवणाऱ्यानं आपले शेरेही अधूनमधून तपासावेत, एवढं मी शिकलो. त्या पोरांची वयं आता उलटून गेली आहेत.