टोपीकरांच्या एका शब्दापायी

शब्दांपायी आमच्या आळीतले शास्त्रीबुवा जितके भिजले, तितका पुण्यातला कोळीही कधी भिजला नसेल. संस्कृतातले सगळे धातू पाठ झाले तेव्हा त्यांना टोपीकरांच्या, म्हणजे इंग्रजांच्या, भाषेचं वेड लागलं. मी सरकारी दफ्तरात कारकून. संगमावर, दरबारी नेमलेल्या इंग्रज वकिलाच्या बंगल्यात लखोटे पोचवायचो. बुवा माझ्याबरोबर येत, तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या लेखनिकाला गाठत आणि मोडक्या हिंदुस्तानीत एखाद्या शब्दाचं मूळ उकरत. मग विटाळ झाला म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी नदीत बुडी. एका शब्दाला एक बुडी, असा नेम. पौषात एकदा तीन शब्द घेतले आणि आठ दिवस शिंकत बसले.

घरी जेवतानाही पोथी पानाशेजारी उघडी असे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा चिडून नुसतं रिकामं पान मांडलं. बुवा वाचत बसले, थोड्या वेळानं उठून हात धुतले आणि आमटी छान झाली होती म्हणाले. त्याच आठवड्यात काकू वाईला भावाकडे निघून गेल्या. जाताना भांडल्यासुद्धा नाहीत. आपणहून येईल, असं म्हणत बुवांनी चार वर्षं कच्चा भात खाल्ला. पण वाईकडचं कुणी पेठेत दिसलं की तिकडे पाऊसपाणी कसं काय, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

एके दिवशी लेखनिकानं त्यांना 'लेडी' हा शब्द सांगितला. आता तो बड्या घरच्या बाईला लावतात, पण फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पावाची कणीक मळणारी. कुणी म्हणतात, पाव वाटून देणारी. तीच पुढे घरची मालकीण ठरली. त्या दिवशी बुवा बुडी मारायला विसरले आणि तसेच कोरडे घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला सोबत घेऊन कात्रजचा घाट चढले. वाईला पोचलो तेव्हा काकू परातीत कणीकच मळत होत्या. बुवा उंबऱ्याशीच थांबले.

"तुझ्या हातांकडे मी कधी बघितलंच नाही," ते म्हणाले. "चल घरी."

काकूंनी हात थांबवले नाहीत. "आपण तेव्हाच आला असतात तर धावत आले असते. आता वहिनी गेली. तिची तीन मुलं माझ्या हातचं जेवतात. पानं घेते, बसा."

बुवा जेवले. पोथी नव्हती. ते सबंध वेळ काकूंकडे बघत होते, आणि काकू एकदाही न विचारता त्यांना वाढत होत्या.

परतताना घाटमाथ्यावर बुवा दम खायला बसले. वाईकडे तोंड करून म्हणाले, "तिथं ती मालकीण आहे रे. माझ्याकडे नुसती राबत होती."

मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि आम्ही पुण्याच्या बाजूनं उतरू लागलो.