काचेबाहेरचे मालक

औषधाच्या कंपनीत प्रत्येक बॅचचा नमुना कपाटात जपून ठेवतात, मुदत संपली तरी. आमचे किस्सेही तसेच साठलेत. बुटीबोरीच्या या कारखान्यात मी गोळ्या तपासते. जेवणाच्या सुट्टीत मात्र आम्ही एकमेकींनाच तपासतो!

*

आमचे जुने मालक दादासाहेब. नव्या औषधाला घरातल्या बाईचं नाव द्यायची त्यांना भारी हौस. डोकेदुखीच्या गोळीला बायकोचं नाव दिलं. काकू कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डोकं उठवता तुम्ही, अन् गोळीले नाव माहं काहून?"

त्यानंतर सुनेने आधीच बजावून ठेवलं, जुलाबाच्या औषधाला माझं नाव नको!

*

गोळ्या बनतात त्या काचबंद खोलीत अंगठी, बांगडी काही चालत नाही. दादासाहेबांची लग्नातली अंगठी बोटात रुतून बसलेली. साबण झाला, तेल झालं, निघेना. त्या खोलीच्या सुपरवायझर मेश्रामताईंनी सरळ हात आडवा घातला. "दादा, नियम तुमचाच आहे."

तेव्हापासून मालक काचेबाहेर! रोज सकाळी यायचे, काचेला नाक लावून मशीन बघायचे आणि निघून जायचे. सोनाराकडून कापून घ्या म्हटलं, तर भडकायचे. "कंपनी विकीन, पण अंगठी नाही कापत!"

*

आणि कंपनी खरंच विकायला निघाली. मुलं परदेशात, दादांना चालताना दम लागायचा. इंदूरचे एक शेठ घेणार आणि मशीन उचलून तिकडे नेणार, अशी कुजबुज. ॲसिडिटीची गोळी आम्हीच बनवतो. त्या दिवसांत आम्हीच खाल्ली! उमरेडहून बसने येणाऱ्या वंदनाने तर घरी पत्ताच लागू दिला नाही.

"सांगून काय करू वं? मी एकटी जागी आहे, मंग सारं घर जागं राहीन!"

*

शेठ पाहणीला आले. बोटाबोटात खड्यांच्या अंगठ्या. एकेक काढून ठेवली. शेवटची काही निघेना. मेश्रामताईंचा हात आडवा!

"साहेब, बाहेर."

शेठ मागे सरले. मग गुपचूप दादांच्या शेजारी जाऊन काचेला नाक लावलं. मशीन बघता बघता म्हणाले, "जहाँ मालिक को भी रोकते हैं, वहाँ दवाई ठीक ही बनती होगी. यहीं चलने दो."

ते गेल्यावर ताई खोलीबाहेर आल्या. "बापा! मले तं वाटलं, साऱ्यायची नोकरी आज मीच खाल्ली!"

आम्ही हसलो, थोडं रडलोही. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

*

सह्या झाल्या, मालकी बदलली. पुढच्या सोमवारी दादासाहेब आले. बोट रिकामं. ताईंनीच त्यांना टोपी, झगा चढवला आणि खोलीचं दार उघडलं.

थोड्या वेळाने दादा बाहेर आले, कान चोळत.

"काहून वं मेश्रामताई, आत एवढा आवाज असते? मले तं बाहेरून वाटे, तुम्ही सारे किती शांत राहता!"