ओवाळण्यात गेलेला डाव

"ए पोरी, ऊठ. ताट घे. साहेब आले."

माझा हात हत्तीकडं निघाला होता. हत्ती देऊन समोरच्याचा घोडा मारायचा, मग त्याचा राजा उघडा. केजच्या मंगल कार्यालयात तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव. काळ्या सोंगट्या माझ्या, सुरुवात सिसिलियन बचावाची. जिंकणारा जिल्ह्याच्या संघात जाणार होता. समोरचा पोरगा बक्षिसांचा खर्च करणाऱ्या कारखानदाराचा. मी नांदूरघाटच्या मेंढपाळाची. स्पर्धेत मुलगी एकच, म्हणून ओवाळायला मीच.

"सर, माझं घड्याळ चालू हाय," मी स्पर्धा भरवणाऱ्या सरांना म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम. लई मोठी खेळाडू लागून गेली!"

उठले. शाळकरी पोर, काय करणार? प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना ओवाळलं. मग त्यांच्या मागच्यांना. मग मागच्यांच्या मागच्यांना. पटांपेक्षा मंचावर खुर्च्या जास्त होत्या. कुंकू संपलं तेव्हा सुटले. परत आले तर घड्याळात माझ्या बाजूला शून्य.

"वेळ संपली, बाळ," पंच म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

साहेब भाषणात म्हणाले, मुलींनी पुढं आलं पाहिजे. मी पुढंच होते. ताट घेऊन.

घरी आबांनी विचारलं, "कावून हरलीस गं?"

"हरले न्हाई, आबा. उठले."

मला माझंच उत्तर वर्षभर टोचत राहिलं.

पुढच्या वर्षी तेच कार्यालय, तोच पोरगा, तीच सिसिलियन सुरुवात. बाहेर फटाके वाजले. सर निरांजन पेटवूनच आले.

"ऊठ."

"माझी चाल हाय. याला उठवा."

"अगं, तो खेळायलाय!"

"मंग मी काय करायलेय?"

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, "मेंढरामागची पोरगी, तोंड बघा!" मी हत्ती उचलला. घोडा मारला. घड्याळ दाबलं. साहेब दारात ताटकळलेले. शेवटी सरांनी स्वतःच ओवाळलं. वाईट नाही जमलं त्यांना.

डाव मी जिंकला. बक्षीस देताना साहेब कॅमेऱ्याकडं बघत होते, मी साहेबांकडं.

आता मी पंच आहे. परवा एक आयोजक गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, ओवाळायला एखादी पोरगी द्या ना."

"पोरी खेळायल्यात," मी म्हणाले. "ताट खाली ठेवा."

पुढच्या वेळी मला बोलावणार नाहीत म्हणे. नका बोलावू. पण मी आहे तिथं खेळणारी मुलगी पटावरून उठणार नाही. तिला उठवायला जो येईल, त्याला मी बाहेर काढीन. साहेब असला तरी.