समुद्रातला गॅस आणि मैंदर्गीचे सर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर माझ्या तोंडी आधी बसवणप्पा कलशेट्टी सरांचे नाव येते, मग आई-वडिलांचे. माझ्या वडिलांनाही यात कधी गैर वाटले नाही. सोलापूरच्या कॉलेजात सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवत. मुले त्यांना गॅससर म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होते.

सरांना बसता येत नसे. प्रयोगशाळेत त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, तिच्यावर रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवलेले असे. चहा ते व्हरांड्यात फेऱ्या मारत पीत आणि अर्धा कप कुठल्या तरी खिडकीत विसरून जात. परीक्षेच्या वेळी त्यांची देखरेख असली की मुले वैतागत, कारण ते सारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असत. एकदा प्राचार्यांनी त्यांना, जरा बसून बोला, असे सुचवले. सर म्हणाले, "बसलं की झोप येते साहेब, आणि या देशाची झोप आधीच लई झाली आहे."

मी शाळा शिकलो दुधनीला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हाच कामासाठी सोलापुरात आले होते. चादरींच्या सुताला रंग देणाऱ्या एका कारखान्यात ते भट्टीवर होते. रंगाचे मोठे हौद उकळत ठेवायचे, त्यासाठी पहाटेपासून लाकूड आणि कोळसा आत टाकायचा, हे त्यांचे काम. मी कॉलेजात आलो तेव्हा कारखान्याच्या मागच्याच खोलीत आम्ही राहत होतो. माझ्या शर्टाला धुराचा वास येत असे आणि त्याची मला लाज वाटे. पहिल्याच आठवड्यात सर माझ्या बाकाशेजारी थांबले. आता काही तरी बोलतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी विचारले की बाभळीचे लाकूड जाळता की कोळसा, आणि ओले लाकूड आले तर काय करता. मी म्हणालो, ते अण्णांनाच ठाऊक. त्याच संध्याकाळी ते भट्टीवर हजर झाले आणि अण्णांशी कानडीत तासभर बोलले. अण्णा नंतर म्हणाले, "मास्तर हाय का कोळशाचा व्यापारी?"

मुंबईच्या समुद्रात तेल आणि गॅस सापडल्याची बातमी आली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. सगळे तेलाबद्दल बोलत होते. सर एकटे गॅसबद्दल बोलत. पुढे वर्तमानपत्रात समुद्रातल्या मचाणाचा आणि त्यावरच्या ज्वाळेचा फोटो आला. तेलाबरोबर वर येणारा गॅस न्यायला नळ नसला की तो तिथेच जाळून टाकावा लागतो, हे त्यांनी आम्हाला समजावले, आणि त्या दिवसापासून त्यांची येरझार दुप्पट झाली. शिकवता शिकवता मध्येच थांबून ते म्हणत, "तिकडं जळतंय. घरात दिवा उगाच जळत राहिला तर तुम्हाला झोप लागेल का?" मुले हसत. मला मात्र खरोखरच झोप लागेनाशी झाली. या गॅसपासून खत होते, वीज होते, बॉयलर तापतात, हे ते फळ्यावर मांडत आणि शेवटी खडू ठेवून म्हणत, "समुद्र मुंबईचा असेल. गॅस मुंबईचा नाही."

सोलापूरच्या रंगवाल्यांनी आणि मागवाल्यांनी सरकारकडे अर्ज करावा, हा त्यांचा ध्यास होता. रेल्वेने कोळशाच्या वाघिणी वेळेवर येत नाहीत, हौद थंड पडले की माग थांबतात, तेव्हा पुढेमागे नळ टाकताना आमचाही विचार व्हावा, असा तो अर्ज. सह्यांसाठी ते सायकलवर गल्लोगल्ली हिंडले. अण्णांच्या कारखान्याच्या मालकांनी त्यांना चहा पाजला आणि सही टाळत म्हणाले, "सर, समुद्रातनं सोलापूरपर्यंत नळी आणनार तुमी. आमच्या गल्लीत पान्याची नळी यायची हाय अजून." सगळे हसले. सरही हसले, पण गॅसची आग हौदाखाली कशी लागते ते डोळ्यांनी पाहिल्यावर तरी सही कराल ना, एवढे त्यांनी कबूल करून घेतले.

तेव्हा ठिकठिकाणी गोबरगॅसची मोहीम चालली होती. शेणातून निघणारा आणि समुद्रातून निघणारा गॅस मुळात एकच, म्हणून मैंदर्गीत, आपल्या गावी, भावाच्या मळ्यावर सरांनी शेणाची विहीर बांधली, वर लोखंडी टाकी उलटी घातली. गॅस साठला की टाकी वर उचलली जाई. सरांच्या भावजय, रत्नाक्का, त्यावर दूध तापवू लागल्या. मग मालक आणि चार रंगवाले यायचे ठरले. लहानसा हौद, शेगडी, सूत, सगळे मांडून ठेवले. मी आदल्या दिवशीच मदतीला गेलो होतो. टाकी पार खाली बसलेली पाहून सर म्हणाले, रात्रीतून भरेल.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर कॉक उघडला, काडी लावली. काडी जळून संपली. दुसरी लावली, तीही संपली. सर विहिरीभोवती फिरत राहिले. मग त्यांना वास आला. शेणाचा नव्हे, फिनेलचा. त्यांनी रत्नाक्कांना विचारले. त्या अभिमानाने म्हणाल्या की सोलापूरचे मोठे लोक येणार म्हटल्यापासून रोज सकाळी शेण कालवायच्या कुंडीत भरपूर फिनेल ओतून ती धुऊन घेतली. माशी बसायची नाही आणि वासही यायचा नाही. ते फिनेल कुंडीतून विहिरीत उतरून आतले सगळे जंतू मेले होते, आणि गॅस तर तेच तयार करतात.

पाहुण्यांना गव्हाची गोड हुग्गी, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. मालक जेवता जेवता म्हणाले, "वैनी, सैपाक चुलीवरचा हाय ना? बरं झालं. न्हायतर उपाशी जायचो की." सही झाली नाही. सोलापुरात ही गोष्ट पुढे बरेच दिवस हौदाहौदांवर सांगितली गेली.

परतीच्या वाटेवर मी रत्नाक्कांबद्दल काही तरी वेडेवाकडे बोललो. सर रस्त्यातच थांबले. म्हणाले, "चूक त्यांची नाही. आत जीव आहेत, ते जगले तर गॅस, हे मी त्यांना सांगितलंच नाही. मी नुसती नळी दाखवली." त्यांचा हा स्वभावच होता. प्रयोग फसला की आधी आपण काय सांगायचे राहिले ते शोधायचे.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. सरांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. आधी कच्चा, त्यावर लाल खुणा, मग पक्का. उरणला, समुद्रातला गॅस जिथे जमिनीवर येणार होता तिथे, प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली. त्याच सुमारास मालकांनी अण्णांना सांगितले की पोराला आमच्या गादीवर दिवाणजी म्हणून बसवा. अण्णांना ते पटले. मुलगा डोळ्यांसमोर राहील, सावलीत बसेल. ज्या मास्तरच्या गॅसवर साधा हौद तापला नाही, त्याच्या नादाने समुद्राकाठी कशाला जायचे? घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. माझे जाणे जवळजवळ रद्दच झाले होते.

सर भट्टीवर आले. अण्णा फावड्याने कोळसा टाकत होते. देशाला कशाची गरज आहे, शिकलेल्या मुलाने काय करावे, असे बरेच काही सर फेऱ्या मारत बोलले. अण्णांनी सगळे ऐकून घेतले, फावडे टेकवले आणि म्हणाले, "सर, तुमचं खरं असंल. पन गॅस आला म्हंजे भट्टी गेली. मग माजं काय? माज्याच पोरानं आनायचा का त्यो?"

सर जागच्या जागी उभे राहिले. इतका वेळ ते एका जागी थांबलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. भट्टीची धग त्यांच्या अंगावर येत होती, तरी ते हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "अण्णा, याचं उत्तर माझ्याकडं नाही. मी एवढी वर्षं बोलतोय, पण हा प्रश्न मला सुचलाच नाही. गॅस येणार, तुमचा मुलगा गेला तरी येणार आणि नाही गेला तरी येणार. तो तिथं असला तर भट्टीवरचा माणूस ठाऊक असलेला एक जण तरी तिथं असेल."

अण्णांनी पुन्हा फावडे उचलले. सर निघून गेले. रात्री भाकरी मोडताना अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा. पन तितं गप बसू नको."

मी गेलो. सर निरोपाला स्टेशनवर आले आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर फेऱ्या मारत मला वाल्वचे प्रकार विचारत राहिले. पुढे निवृत्त होऊन ते मैंदर्गीला गेले आणि फार दिवस राहिले नाहीत. सोलापूरला गॅसचा नळ आलेला त्यांना पाहायला मिळाला नाही. मात्र माझे एक पत्र मिळाले त्याच दिवशी ते घेऊन सर भट्टीवर गेले होते, असे अण्णांनी मला नंतर सांगितले. दोघांचे काय बोलणे झाले ते दोघांपैकी कोणीच सांगितले नाही. पण मालकांनी तेलावर चालणारा बॉयलर आणला, तेव्हा त्याचे वाल्व फिरवायला अण्णांनाच नेमले. सरांच्या शिस्तीप्रमाणे मी तेही पत्र आधी कच्चे लिहिले होते, म्हणून ते माझ्यापाशी आहे.

ती. स्व. सरांस,
सा. न. वि. वि.

गॅस आला. नळाला हात लावला की आतून बारीक थरथर जाणवते. मी बराच वेळ हात तसाच ठेवला होता. सगळा गॅस घेणारे कारखाने अजून तयार नाहीत, त्यामुळे ज्वाळा अजून आहे. तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी ते लपवणार नाही.

परवा मोठे साहेब आले होते. गॅसवर किती उद्योग उभे राहतील, हे त्यांनी नकाशा लावून सांगितले. शेवटी कोणाला काही विचारायचे आहे का म्हणाले. मी उभा राहिलो. माझे इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. मी विचारले की जुन्या भट्ट्यांवरच्या माणसांचे काय करायचे. सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेब म्हणाले, तो आपला विषय नाही. मी खाली बसलो.

पण दुपारी त्यांनी मला बोलावून घेतले. माझे वडील काय करतात ते विचारले. मी सांगितले. मग म्हणाले, आयुष्यभर आग सांभाळलेल्या माणसाला वाल्व सांभाळायला शिकवता येईल का? मी म्हणालो, विचारून सांगतो.

तर सर, अण्णांना एवढे विचाराल का? मी विचारले तर ते चेष्टेवारी नेतील. तुम्हाला खरे सांगतील.

आपला,
शरणप्पा