फेटा, फोन आणि तळपाय

"पाय ठेवता येईल की नाही, ते डॉपलर झाल्यावरच सांगतो," डॉक्टर म्हणाले. डॉपलर म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. रक्त बोटांपर्यंत पोचतंय का, ते त्यात कळतं. पोचत नसेल तर गुडघ्याखालून पाय काढायचा. आणि आमचे हे पनवेलच्या दवाखान्यात खाटेवर पडून हातातला फोन गदागदा हलवत होते.

फोनमध्ये पावलं मोजणारं अॅप होतं. पाय उशीवर, आणि माणूस हाताने चालत होता!

आमची मोहोपाड्याची कॉलनी. यांच्या कारखान्यातल्या मधुमेहवाल्यांनी 'साखरसम्राट' नावाचा ग्रुप काढला होता. रविवारी ज्याची पावलं सगळ्यांत जास्त, त्याला फेटा बांधून फोटो टाकायचा. सुरुवातीला मीच खूश होते. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ज्यांना स्कूटर लागायची, ते पहाटे उठून चालू लागले. साखर उतरली. मग लागोपाठ फेटे मिळाले आणि यांचं डोकंच फिरलं. दुसऱ्या नंबरवर साजगावचा माझा भाऊ होता. बायकोच्या भावापुढे हरायचं म्हणजे काय!

त्यात नवरात्र आलं. दरवर्षी हे नऊ दिवस अनवाणी राहतात. मी म्हटलं, "यंदा चप्पल घाला, नाहीतर चालणं तरी बंद ठेवा." यांनी दोन्हींतलं एकही ऐकलं नाही.

सातव्या माळेला लादीवर ओले डाग दिसले. मी यांचा पाय धरला.

"दुखत नाय गं, सोड!"

तळपाय उलटा केला तर अंगठ्याखाली भोक, आत काच. कधी घुसली, यांना पत्ता नाही. मी काच काढून हळद भरली. दुखत नाही म्हणजे किरकोळ असणार, असंच मलाही वाटलं. दसऱ्याला ताप चढला आणि अंगठा काळा पडला.

डॉक्टर म्हणाले, "याला न्यूरोपॅथी म्हणतात. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्यात. न दुखणं हाच तर आजार आहे, बाई."

डॉपलरला नंबर लागेना. बाकावर बसून मी देवीलाही बोलले, नंतर तिचीच माफी मागितली. हे व्हीलचेअरवर, फोन हलवणं चालूच. मला असा संताप आला की फोन हिसकावून घेतला.

तेव्हा हे हळूच म्हणाले, "पाय गेला तर ग्रुपमधून काढतील ना मला?"

माझा भाऊ शेजारीच उभा होता. त्याने स्वतःचा फोन काढला आणि यांच्यासमोर अॅप पुसून टाकलं. "दाजी, तुमी जिकलात. आता हात खाली ठेवा." हे रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी यांना रडताना पाहिलं.

रक्त पोचत होतं. अंगठा गेला, पाय राहिला. पुढे डिब्राइडमेंट, म्हणजे सडलेलं मांस खरवडून काढणं, पुन्हापुन्हा झालं. पट्टी बदलणाऱ्या सिस्टरांचे हात मी विसरणार नाही.

ग्रुप अजून आहे, भाऊही परत आला. खेळ मात्र बदललाय. रोज झोपण्याआधी तळपायाचा फोटो टाकायचा. एक दिवस चुकला की गुण शून्यावर. फेटा न चुकणाऱ्याला. तुमच्या घरी मधुमेह असेल तर एवढं तरी आजपासून सुरू करा. फेटा नसला तरी चालेल.

गेल्या रविवारी यांना फेटा मिळाला. फोटोत डोक्यावर फेटा आणि पुढे दोन तळवे, नऊ बोटं. रात्री तो उतरवून ठेवला आणि पाय आपणहून माझ्या मांडीवर टाकला.

"दुखत नाय गं, बघ जरा."