ओनिसिम भाओजींचं आमेन

माझ्या थोरल्या बहिणीने, साव्हेताने, लग्न झाल्यापासून रविवारचं सूप कधी गरम खाल्लं नव्हतं. सूप ती करायची झकास, घरच्या कोंबडीचं, हाताने कापलेल्या शेवया घालून. पण नवरा घरी आल्याशिवाय चमचा उचलायचा नाही हा तिचा हट्ट. आणि नवरा प्रार्थनाघरातली शेगडी विझवून, गीतांची पुस्तकं कपाटात लावून, दारातल्या चार बायकांची गाऱ्हाणी ऐकून, कुलूप घालून येईपर्यंत सुपावर चरबीचा पांढरा थर धरलेला असायचा.

"पुन्हा तापव की," मी म्हणायची.

"शेवयांचा लगदा होतो," ती म्हणायची. मग दोघं समोरासमोर बसून गार सूप मुकाट्याने संपवायची.

तिचा नवरा ओनिसिम, माझे भाओजी, शेगड्या बांधायचे. खोलीच्या कोपऱ्यात छतापर्यंत जाणाऱ्या, चकचकीत फरश्यांच्या शेगड्या. गावात क्वचितच एखादं घर असेल जिथे हिवाळ्यात भाओजींच्या हातची ऊब नाही. काम सगळं गुडघ्यांवरचं. आठवडाभर लोकांच्या घरी गुडघे टेकायचे आणि रविवारी प्रार्थनाघरात. आम्ही बाप्तिस्त मंडळी गुडघे टेकूनच प्रार्थना करतो, तीही उघड्या लाकडी फळ्यांवर. बाकीचं गाव आम्हाला 'पश्चात्तापवाले' म्हणतं. ते त्यांच्या आलुबुखारांची दारू गाळतात, आम्ही मुरंबा शिजवतो. भांडण एवढंच, आणि हिवाळ्यात तेच आमच्याकडे मुरंबा मागायला येतात.

भाओजी मंडळीचे वडील होते. म्हणजे पाळक, आमचे धर्मगुरू, नसताना मंडळी सांभाळायची ती त्यांनी. आमचे पाळक दोरिन यांच्याकडे पाच गावं आणि एक खोकणारी गाडी, त्यामुळे ते महिन्यातून एखाद्या रविवारी उगवायचे. एरवी प्रवचन भाओजींचं, गीत निवडणार भाओजी, आजाऱ्याला भेटणार भाओजी, प्रार्थनेचं शेवटचं आमेन भाओजींचं. त्यांनी आमेन म्हणून उभं राहायचं आणि मगच बाकीच्यांनी उठायचं. तोवर कोणी हललं तर सगळे वळून बघायचे.

मी त्यांना खूप बोलले आहे, पण त्यांची बाजूही सांगायला हवी. ते वडील झाले तेव्हा जुनं, देवाचं नावही न खपणारं सरकार होतं. जो प्रार्थनेत पुढे होईल त्याला शहरातल्या गुप्त पोलिसांच्या कचेरीतून बोलावणं यायचं. कोण येतं, कोण गातं, पुस्तकं कुठून आली, सगळं विचारायचे. तेव्हा भाओजींनी ठरवून टाकलं की पुढे एकट्याने व्हायचं. किल्ली आपल्याच खिशात. कोणाला काही माहीत नसलं म्हणजे कोणाला काही सांगावं लागत नाही. एकदा त्यांना तिथे रात्रभर बसवून ठेवलं होतं. सकाळी आले, कोट काढला आणि ताईला म्हणाले, "इतर कोणाचं नाव निघालं नाही." एवढंच. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून तसंच आहे.

पण ते सरकार गेलं आणि किल्ली खिशातच राहिली. गावातली तरुण मंडळी इटलीला, स्पेनला पांगली. मागे उरले म्हातारे आणि थोडी मधल्या वयाची माणसं, आणि त्यांना भाओजींनी साधं गीताचं पान शोधायचं कामही कधी दिलं नाही. व्हिओरेल म्हणून एक आहे, शहराकडे जाणारी बस चालवतो. नुकताच बाप्तिस्मा झाला होता तेव्हा तो एकदा मोठ्याने प्रार्थना करायला लागला, "प्रभू, स्टिअरिंग तू धर, मी मागच्या सीटवर बसतो." भाओजींनी नंतर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "प्रभूला ड्रायव्हर म्हणू नये, व्हिओरेल." प्रेमाने सांगितलं, पण सांगितलं. त्यानंतर व्हिओरेलच्या तोंडून प्रार्थनेत शब्द फुटला नाही.

या शरद ऋतूत भाओजींच्या उजव्या गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायचा, आणि पुढचे कित्येक महिने घरी. आम्ही अंगणात मुरंब्याची मोठी कढई चढवली होती, मी लांब दांड्याने ढवळत होते, तेव्हा पाळक दोरिन आले. भाकरीवर गरम मुरंबा घेतला, ताईची तारीफ केली आणि मग हळूच म्हणाले, "ओनिसिम भाऊ, तुम्ही नसताना मंडळी कोण बघणार?"

"बघू, प्रभू उभा करील कोणाला तरी."

"तुमच्या हाताखाली तयार झालेला एक माणूस मला दाखवा. एकच."

भाओजींनी कढईखाली आणखी एक लाकूड सारलं.

"नसेल तर मला इथली मंडळी शहरातल्या मंडळीत मिळवावी लागेल," पाळक म्हणाले. "दाराला कुलूप. मलाही बरं वाटत नाही, पण म्हाताऱ्यांना कोणाच्या भरवशावर सोडू? कापणीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी येतो, तेव्हा ठरवू."

ते गेले. भाओजी म्हणाले, "कोणी पुढेच येत नाही, तर मी काय करू?"

माझं डोकं फिरलं. "पुढे येतील कसे? पुढे तुम्ही उभे आहात ना दार अडवून! येशूने बारा जण सोबत फिरवले, चुका करू दिल्या. तुम्ही एकाला तरी चूक करू दिलीत का?"

"गप गं," ताई म्हणाली.

"बोलू दे तिला," भाओजी म्हणाले. आणि मग अगदी हळू, "आता उशीर झाला." त्यांचा चेहरा बघून माझाच राग विरघळला. आमच्या बापजाद्यांनी विटा वाहून बांधलेलं ते घर, आणि ते आपल्या हातून बंद पडणार, हे त्यांना झोपू देत नव्हतं.

कापणीचा रविवार आला. पुढे भोपळे, द्राक्षं, कणसं, वेणीसारखी विणलेली भाकरी मांडली होती. पाळकांनी प्रवचन केलं आणि पहिल्या बाकाशी येऊन आमच्यातलेच एक होऊन गुडघे टेकले. भाओजींनीही टेकले. मी बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकाशी. भाओजींनी प्रार्थना केली, नेहमीसारखी, सुरेख. शब्द संपले. आम्ही आमेनची वाट बघायला लागलो.

आमेन आलंच नाही.

मी डोळे किलकिले करून बघितलं. भाओजी बाकाची कड धरून खाली मान घालून तसेच बसलेले, हाताच्या शिरा ताणलेल्या. मला वाटलं, झालं! हट्टाला पेटले. पाळकांसमोर आम्हाला कात्रीत धरलंय, कोणीतरी तोंड उघडेपर्यंत उठणार नाहीत. सगळ्यांनाच तसं वाटलं, नंतर जो तो हेच सांगत होता. आमच्याकडे वडील उठल्याशिवाय कोण उठणार? फळ्या टोचायला लागल्या. कोणीतरी खोकलं. कोणीतरी खोकल्याला खोकून उत्तर दिलं.

शेवटी लेंत्सा आजीने सुरुवात केली. तिला प्रार्थनेत नेहमी वाटतं की देवाला सगळं पहिल्यापासून सांगावं. स्पेनमधल्या लेकासाठी मागता मागता ती आपल्या कोंबड्यांपर्यंत पोचली. पण तिच्यामुळे वाट मोकळी झाली. तिच्या मागून एक, मग आणखी एक. ज्यांचा आवाज मी फक्त बाजारात ऐकला होता ती माणसं देवाशी बोलत होती, अडखळत, एकाच वाक्यात दोनदा 'प्रभू' म्हणत. कोणी पाळकांसाठी, कोणी भाओजींच्या गुडघ्यासाठी. मीही केली. काय बोलले ते आठवत नाही, पण रडले हे आठवतं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न. दुपारची बस दारात उभी होती, आत गावचे लोक बसून वैतागले होते, आणि ड्रायव्हर आमच्यात गुडघ्यांवर.

"प्रभू," व्हिओरेल म्हणाला. आवाज फाटला, त्याने पुन्हा सुरुवात केली. "प्रभू, मी व्हिओरेल. बरीच वर्षं बोललो नाही. मला नीट बोलता येत नाही, म्हणून माझ्या पद्धतीने बोलतो. ओनिसिम भाऊंनी ही गाडी आजवर एकट्याने चालवली. वाईट रस्त्यावरून चालवली, आणि आमच्यातला एकही पडू दिला नाही. आता ते थकलेत. त्यांना सांभाळून उतरव, त्यांच्या दारापाशी. पुढे आम्ही चालवू. तू समोर रस्ता दाखव, म्हणजे झालं. आणि प्रभू, बाहेर लोक खोळंबलेत. आमेन."

आणि तो उभा राहिला. वडिलांच्या आधी! मग पाळक उभे राहिले, मग लेंत्सा आजी बाकाला धरून, मग आम्ही सगळे. भाओजी तेवढे खालीच.

पाळकांचे डोळे भरले होते. "ओनिसिम भाऊ, मला माफ करा," ते म्हणाले. "मी विचारलं होतं, एक माणूस दाखवा. तुम्ही तर मागे सरून सगळी मंडळीच दाखवलीत."

भाओजींनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ताईने माझा दंड घट्ट धरला. भाओजींनी मान वर केली. "नाही हो पाळक. मी कुठला मागे सरतोय? माझा गुडघा धरला. आमेन म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं, आणि मला उठताच येईना. लाजेने गप्प बसलो. यांना मी काही शिकवलं नाही."

लेंत्सा आजी पहिल्यांदा हसली. मग आख्खं प्रार्थनाघर. व्हिओरेलने भाओजींना काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा ते स्वतः इतके हसत होते की त्यांचा तोल जात होता. हसता हसताच त्यांच्या गालांवरून पाणी आलं.

"एक शिकवलंत," पाळक म्हणाले. "तुम्ही उठल्याशिवाय हे लोक पळून जात नाहीत. मला तेवढं पुरे आहे. दार उघडं राहील."

हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. भाओजींनी खिशातून किल्ली काढली आणि व्हिओरेलच्या हातावर ठेवली.

"पण मला आत्ता बस काढायचीय, ओनिसिम भाऊ!"

"मग तू ती दुसऱ्या कोणाला दे. मला तेवढंच जमलं नाही बघ कधी. आणि व्हिओरेल, त्या स्टिअरिंगचं मी तुला उगाच बोललो होतो."

व्हिओरेलने इकडेतिकडे बघितलं आणि किल्ली माझ्या हातात कोंबली. मग त्याने भाओजींना धरून बाहेर नेलं आणि बसच्या पहिल्या सीटवर बसवलं. ताई मागून चढली.

"संपला का एकदाचा पश्चात्ताप?" आतून कोणीतरी ओरडलं. "आमची जत्रा चुकली तर तुमच्याकडूनच मुरंबा वसूल करू!"

"गप रे! आधी यांना घरी सोडतो," व्हिओरेल म्हणाला, आणि बस गावातून, वाट वाकडी करून, थेट ताईच्या फाटकापाशी नेली.

मी मागे राहिले. निखारे विझवले, पुस्तकं लावली. लेंत्सा आजीला कोंबड्यांबद्दल आणखी थोडं बोलायचं होतं, तेही ऐकलं. जुनं कुलूप नव्या हाताला सहजासहजी दाद देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ताईकडे पोचले तर दोघांचं जेवण आटोपलेलं. ताईचे डोळे लाल, पण तोंडावर हसू. भाओजी पाय स्टुलावर ठेवून बसलेले, हातात गार पाण्याचा पेला.

"तोंड भाजलं त्यांचं," ताई म्हणाली. "वाफ निघत होती, तरी सवयीने भसकन चमचा घातला तोंडात."

"सूप इतकं गरम असतं?" भाओजींनी मला विचारलं. अगदी खरोखर विचारलं.

माझं सूप ताईने झाकून ठेवलं होतं. वर चरबीचा पांढरा थर धरला होता. मी तसंच खाल्लं, शेवटच्या शेवईपर्यंत.